मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने आमच्या चिंगीला फाडलं, गोव्यात कायद्याने भरपाई मागता येते का?

तळ्याकाठची · १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. हात अजून थरथरतोय, तेव्हा लिहिण्यात पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. चार वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान आणायला बाजारात गेले होते, तिथे नारळाच्या ढिगामागे एक पिल्लू कुडकुडत बसलेलं दिसलं. तीच आमची चिंगी. गावठी, अकरा किलोची, उजवा कान कायम दुमडलेला.

परवा सकाळी साडेसहाला तिला घेऊन तळ्याच्या वाटेने निघाले. पट्टा माझ्या हातात होता, दोरी चार फुटांची. आमच्यापासून तिसऱ्या घराचं फाटक उघडं होतं. घरमालक तारवटी, वर्षातले आठ महिने बोटीवर असतो. घरी त्याची म्हातारी आई आणि कुत्र्याची देखभाल करायला पगारावर ठेवलेला एक मुलगा. कुत्रा शेफर्ड आणि लॅबच्या मिश्र जातीचा, पस्तीस किलोचा तरी असेल. मुलगा स्कूटर धूत होता. कुत्रा फाटकातून सरळ आला आणि त्याने चिंगीला बरगडीत धरून झिंजाडलं. मी छत्रीने मारलं, ओरडले, चिंगीला ओढायला गेले. शेवटी त्या मुलाने मागचे दोन्ही पाय धरून त्याला मागे खेचलं तेव्हा त्याने सोडलं.

म्हापशाला नेली. दोन फासळ्या मोडल्यात, आतली कातडी मांसापासून सुटलेली, सत्तावीस टाके आणि ड्रेन, म्हणजे आतला पू बाहेर काढणारी नळी. आजपर्यंतचं बिल ३४,६५० रुपये. अजून दोनदा जायचंय.

शेजाऱ्याने बोटीवरून फोन केला. म्हणाला, कुत्री कुत्र्यांशी भांडतात, त्यात माणसांनी पडायचं नसतं. तुझीच भुंकली असेल. माणुसकी म्हणून पाच हजार देतो. त्याची आई मात्र दारात येऊन हात जोडून रडली. ह्या मावशीने मला लग्न होऊन आल्यापासून दर नागपंचमीला पातोळ्या दिल्यात. तिच्या मुलाविरुद्ध कागद करायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि चिंगीचा श्वास ऐकला की राग आवरत नाही.

पोलिसांकडे जावं का? बिल मागता येतं का? आणि ती विकत घेतलेली नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी तिची किंमत शून्य धरतात का?

रानजाई · १४ जून, रात्री ११:०५

ताई, मी जनावरांच्या दवाखान्यात आठ वर्षं ड्रेसिंगचं काम करते. कायद्याचं दुसरे सांगतील.

चाव्याची जखम वरून दाताच्या भोकाएवढी आणि आत वीतभर फाटलेली असते. मोठ्या कुत्र्याने झिंजाडलं की कातडी सुटते आणि मध्ये पू साठतो, म्हणून ड्रेन ठेवतात. तो चिंगीने चाटून काढू नये म्हणून गळ्यातला कोन रात्रीही ठेवा, कितीही केविलवाणं बघितलं तरी. श्वास जोरात चालू लागला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, खाणं सोडलं तर सकाळची वाट बघू नका. आणि हे पावसाचे दिवस आहेत, दोन दिवस दुर्लक्ष झालं तर जखमेत आसडी पडते, म्हणजे अळ्या होतात. हळद, चुना, डिझेल काही लावू नका. माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नको, तिने कुत्र्याचं मूत्रपिंड जातं. रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी बूस्टरबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता एक विचारते. तुम्ही चिंगीला ओढायला गेलात. तुमच्या हाताला दात लागले का?

तळ्याकाठची · १४ जून, रात्री ११:१८

डाव्या अंगठ्याखाली दोन ओरखडे आहेत. थोडं रक्त आलं होतं. तिचे दात की त्याचे, मला माहीत नाही. त्या धावपळीत विसरूनच गेले.

रानजाई · १४ जून, रात्री ११:२१

आत्ता उठा आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. उद्या सकाळी आधी आरोग्य केंद्र, मग चिंगीचं ड्रेसिंग. रक्त आलं म्हणजे ती तिसऱ्या श्रेणीची जखम, लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दोन दिवस गेले म्हणून उपयोग नाही असं मनात आणू नका.

गोव्यात मिशन रेबीज ह्या संस्थेने २०१४ पासून गावोगाव कुत्र्यांना लस दिली, २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. ते काम मी जवळून पाहिलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच भरवशावर लोक आता इंजेक्शन टाळायला लागलेत, त्याची भीती वाटते.

डोंगरमाथा · १५ जून, सकाळी ७:३०

सरळ एफआयआर करा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, जनावर सांभाळताना निष्काळजीपणा केला तर सहा महिने कैद. २०२४ मध्ये हणजुण्यात पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, त्यानंतरही लोक शिकले नाहीत. उद्या ह्या कुत्र्याने वाटेवरचं मूल धरलं तर? पाच हजार फेकतो म्हणजे काय!

बार्देशकर वकील · १५ जून, दुपारी २:१०

मी म्हापसा आणि डिचोलीच्या कोर्टांत दिवाणी कामं चालवतो. राग रास्त आहे, पण चुकीचं कलम घेऊन ठाण्यावर गेलात तर हवालदार एका वाक्यात परत पाठवेल आणि मग तुम्ही थकून गप्प बसाल. असं होताना मी पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

कलम २९१ नीट वाचा. जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा माणसाला जबर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच २८९ होतं आणि दंड १,००० होता. त्यात दुसऱ्या कुत्र्याला झालेली इजा नाही. चिंगीच्या फासळ्यांसाठी हे कलम कितीही ताणलं तरी बसत नाही.

लोक दुसरं कलम सांगतात ते ३२५, जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पण तो आगळिकीचा गुन्हा आहे. नुकसान करायचा हेतू हवा, नाहीतर ते होणार हे ठाऊक असायला हवं. कोणी 'छू' म्हणून कुत्रा अंगावर घातला तर ३२५ लागेल. फाटक उघडं राहिलं ह्याला लागणार नाही. आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात करमणुकीसाठी जनावरं झुंजवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचे आकडे तसेच आहेत, ह्याची मला खंत वाटते.

आता तुमचा अंगठा. तुम्ही तो विसरलात, पण फौजदारी बाजूला उभं राहायला जागा मिळते ती तिथेच. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने माणसाला इजा झाली की कलम १२५ येतं, सहा महिने किंवा ५,००० दंड. माणसाचं रक्त सांडलं की २९१ वरही निदान बोलता येतं. त्यासाठी आरोग्य केंद्राचा कागद लागेल. रानजाई यांनी तुम्हाला तिथे धाडलं ते तब्येतीसाठी, पण तोच कागद तुमच्या कामीही येईल. जखम कशी झाली ते केसपेपरवर लिहून घ्या.

पैसे मात्र फौजदारीतून येत नाहीत. त्याचा रस्ता दिवाणी, आणि तो तुमच्या बाजूने चांगला मोकळा आहे.

देशभर जे तत्त्व चालतं ते असं. कुत्रा अंगावर जाणारा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल तर तो जबाबदार. तसं ठाऊक नसेल, पण त्याने किंवा त्याच्या माणसाने वाजवी काळजी घेतली नाही हे दाखवता आलं, तरीही जबाबदार. पस्तीस किलोचा कुत्रा अंगणात मोकळा आणि फाटक सताड उघडं, ह्याला वाजवी काळजी म्हणता येणार नाही.

गोव्यात आणखी एक आधार आहे आणि तो इथले वकीलसुद्धा विसरतात. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले. संसदेने स्वीकारल्यामुळे ही संहिता भारतीय कायदाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. वारसाहक्काच्या भागाच्या जागी आता २०१२ चा गोव्याचा कायदा आला. पण त्या संहितेत जनावरांबद्दल स्वतंत्र तरतूद आहे. ज्याच्या जनावराने दुसऱ्याचं नुकसान केलं त्याने ते भरून द्यायचं, आपली चूक किंवा हयगय नव्हती हे त्याने सिद्ध केलं तरच सुटका. फरक लक्षात घ्या. मालकाची चूक तुम्ही शाबीत करायची नाही, आपली चूक नव्हती हे त्याने शाबीत करायचं. नोटिशीत दोन्ही आधार घ्या.

तो बोटीवर होता ही सबब चालत नाही. पगारी माणसाने कामात केलेली हयगय मालकाच्या माथी येते. मुलाला पक्षकार करू नका, त्याच्याकडून काही वसूलही होणार नाही. मावशींनाही बाजूला ठेवा, कुत्र्याची नोंदणी त्यांच्या नावावर असेल तरच विचार करावा लागेल.

किमतीचा प्रश्न. कायद्याच्या लेखी कुत्रं अजूनही जंगम मालमत्ता आहे. समोरचा वकील म्हणणार, फुकट मिळालेल्या कुत्रीचे चौतीस हजार कसले? त्याला उत्तर असं की आपण तिची बाजारातली किंमत मागतच नाही. दुसऱ्याच्या चुकीमुळे जो वाजवी खर्च करावा लागला तो मागतो आहोत. उपचार, औषधं, म्हापशाच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी. मनस्तापाची रक्कम लिहा जरूर, पण तिच्या भरवशावर बसू नका. दावा लावायची मुदत तीन वर्षं.

डोंगरमाथा · १५ जून, दुपारी ३:०२

वकीलसाहेब, मी २९१ वरवर वाचलं होतं, चूक मान्य. पण मग त्या हिंस्र जातींच्या बंदीचं काय झालं? त्यात नाही का बसत हे?

बार्देशकर वकील · १५ जून, संध्याकाळी ६:४५

केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच रद्द केलं. गोव्याच्या विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र जातींची पैदास आणि भरपाई ह्यावर विधेयक संमत केलं. पण ह्या धाग्यातला कुत्रा शेफर्ड-लॅब आहे. भरपाईच्या दाव्यात जात विचारायची गरजच पडत नाही, फाटक कोणी उघडं टाकलं एवढं विचारायचं.

केळबाय · १५ जून, रात्री ९:१५

मी वेगळं बोलते, राग मानू नका. तळ्याकाठची, गाव लहान आहे. त्या मावशीच्या घरी उद्या काही झालं तर पहिली तूच धावशील. वकिली नोटीस गेली की पुढच्या दहा चवथी त्या घराशी बोलणं बंद. पंचाला मध्ये घाल, देवळात बसून मिटव. माझ्या माहेरी कुंपणाच्या एका वादात तीन पिढ्या एकमेकांच्या मयताला गेल्या नाहीत. ते मी लहानपणी पाहिलंय.

तळ्याकाठची · १५ जून, रात्री १०:३०

केळबाय ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण तोंडी मिटवायचं तर समोरच्याने निदान चूक झाली असं म्हणायला हवं ना? तो अजून 'तुझीच भुंकली' ह्यावरच आहे. आणि खरं सांगायचं तर भुंकली असेलही. ती प्रत्येकाला भुंकते. पण पट्ट्यावर भुंकली.

आज आरोग्य केंद्रात जाऊन आले. लस आणि जखमेत इंजेक्शन दोन्ही झालं.

सांजवारा · १६ जून, सकाळी ६:५०

रात्रभर विचार करून लिहितोय. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा कुत्रा सुटला आणि त्याने वाड्यावरच्या एका पामेरियनला मारलं. जखमी नाही, मारलं. मी घरातच होतो. फाटकाची कडी झिजलेली होती, महिनाभर बायको सांगत होती, मी उद्या उद्या करत होतो. मीही पहिल्या तासात हेच बोललो होतो की कुत्री भांडतात. ते वाक्य घाबरलेल्या माणसाचं असतं. एकदा चूक कबूल केली की आपला कुत्रा घेऊन जातील, मारून टाकतील, असं वाटतं.

ज्यांचं कुत्रं गेलं ते निवृत्त शिक्षक. त्यांनी मला पत्र लिहिलं. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. काय झालं, किती वाजता, दवाखान्याचं बिल किती आणि मी काय करावं अशी त्यांची अपेक्षा आहे, एवढंच. कागदावर ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर तो प्रकार त्यांच्या बाजूने उभा राहिला. मी बिल दिलं, फाटक बदललं, आणि माझा कुत्रा आता मुसकं बांधल्याशिवाय अंगणाबाहेर जात नाही. त्यांच्या घरी जायला मला सहा महिने लागले. आता जातो.

तर ताई, नोटीस म्हणजे भांडण असं समजू नका. काहींना तोंडी सांगितलेलं ऐकूच येत नाही.

बार्देशकर वकील · १६ जून, दुपारी १:२०

सांजवारा यांनी लिहिलंय तेच करा, वकिली नोटिशीच्या आधी एक साधं पत्र. तोवर पुरावा जमवा, कारण तो रोज पातळ होत जातो. जखमांचे फोटो टाके दिसतील असे, तारखेसकट. पशुवैद्याकडून दाखला घ्या आणि त्यात जखमा मोठ्या कुत्र्याच्या चाव्याच्या असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं बिल पुरत नाही. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर आजच विनंती करा, बऱ्याच यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. चित्रण कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून कोणी, कधी, कुठल्या यंत्रावरून उतरवून दिलं ते लिहून ठेवा. शेजाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका. फोनवरचं 'पाच हजार देतो' त्याने लिहूनही पाठवलं असेल तर तो संदेश अजिबात नको.

आणि गावात विचारा, हा कुत्रा आधी कोणाच्या अंगावर गेला होता का? पंचायतीकडे जुनी लेखी तक्रार निघाली तर मालकाला स्वभाव माहीत होता हे तिथेच ठरतं.

मग तालुका विधी सेवा समितीकडे दाव्यापूर्वीचा अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही, आणि बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दोघांना बोलावून समेट घालायचा प्रयत्न करतात. जमलं तर लोक अदालतीचा निवाडा होतो आणि तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. केळबाय यांना देवळात जे हवं आहे तेच इथे होतं, फक्त कागदावर.

पाणवठा · १६ जून, दुपारी ४:००

माझी थोडी वेगळी अडचण. आमच्या कुत्र्यालाही असंच फाडलं, पण तेव्हा आमचाही मोकळाच होता, दोघंही शेतात. मग?

बार्देशकर वकील · १६ जून, संध्याकाळी ५:१०

मग चूक वाटून घ्यावी लागेल. तुमच्या हयगयीचा जेवढा वाटा तेवढी भरपाई कमी होते. तळ्याकाठची यांची ती चार फुटांची दोरी म्हणूनच लाख मोलाची आहे.

तळ्याकाठची · ९ ऑगस्ट, रात्री ९:५५

दोन महिन्यांनी लिहितेय, बरेच जण निरोपात विचारत होते.

पत्र लिहिलं, स्पीड पोस्टाने पाठवलं, बोटीवर त्याला फोटोही पाठवला. उत्तर नाही. विचारपूस करताना कळलं की गेल्या वर्षी ह्याच कुत्र्याने दूधवाल्याची सायकल पाडली होती आणि त्याने पंचायतीत अर्ज दिला होता. त्याची प्रत मिळाली. पोलिसांत मी माझ्या हाताबद्दल तक्रार दिली, चिंगीबद्दलचा मजकूर त्यातच हकिगत म्हणून लिहिला. मग विधी सेवा समितीकडे अर्ज केला.

जुलैच्या शेवटी तो सुटीवर आला. समितीपुढच्या पहिल्या तारखेला बोललाच नाही. दुसऱ्या तारखेला मावशी बरोबर आली. तिथल्या बाईंनी त्याला सत्तावीस टाक्यांचा फोटो हातात दिला, बाकी काही बोलल्या नाहीत. तो बराच वेळ बघत बसला. एकूण खर्च ४१,२०० झाला होता, ३६,००० वर तडजोड झाली, दोन हप्त्यांत. फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग बसवायची आणि बाहेर काढताना पट्टा आणि मुसकं, हेही निवाड्यात लिहून घेतलं. रक्कम थोडी सोडली, पण ती अट मी सोडली नाही. तो मुलगा कामावर आहे. त्याला काढू नका असं मीच म्हटलं, त्या दिवशी पाय धरून खेचायची अक्कल त्यालाच होती.

नागपंचमीला पातोळ्या आल्या. मावशी फाटकात थांबली, आत आली नाही. मी हात धरून आत घेतलं.

चिंगीचे केस परत आलेत, टाक्यांच्या ओळीवर पांढरे. पण तळ्याच्या वाटेला वळली की फणसाखाली बसून घेते, पुढे हलत नाही.

रानजाई · ९ ऑगस्ट, रात्री १०:१२

ओढू नका. फणसापर्यंतच जा आणि तिथेच थोडा खाऊ देऊन परत या. आठवडाभराने दहा पावलं पुढे. फाटक बंद असताना, तो कुत्रा आत असताना. तिने मागे वळून बघितलं की परत.

तळ्याकाठची · १० ऑगस्ट, सकाळी ७:४०

आज फणसापर्यंत गेलो. बसली. सुकी सुंगटं खाल्ली आणि परत आलो.